पाच ठिपक्यांची मगर

अंबड, १४ जून २०२४

शालू,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत. बेचाळीस वर्षांत तू ते मागितले नाहीस, त्यामुळे आता मीही ते उगाच पाठवत नाही.

तुझ्या गंधालीचं पत्र आलं. मुलगी नीट लिहिते, मुद्द्याला धरून. एक जूनला तुमच्या अकोल्याच्या घरी तुझी साठी होती. तुला पाटावर बसवलं, साठ दिवे लावले आणि ओवाळायला बायका पुढे आल्या तशी तू उठलीस म्हणे. "मला साठ झालेली न्हाईत. माझा दिवस अंबडच्या बाईकडं आहे, तिला इचारा." पाहुणे हसले. तुझे यजमान कल्याणराव म्हणाले, "झालं हिचं सुरू." गंधालीला हसू आलं नाही, म्हणून तिनं कधी न पाहिलेल्या मावशीला, मला, लिहिलं.

विचारलं आहे, तर उत्तर देते. तुझा जन्म १५ सप्टेंबर १९६६ चा, गुरुवारचा. पोळ्याचा दुसरा दिवस. आईनं सांगितलेलं शब्दशः उतरवून ठेवलं आहे : "बैलांच्या शिंगाचा रंग अजून वल्ला व्हता. अन् त्या साली धोंडा आल्ता, दोन श्रावण आल्ते." दोन श्रावण सहासष्टला होते, चौसष्टला नव्हते. मी पंचांग पाहून खात्री केली होती. दाखल्यावरचा १ जून १९६४ हा हसनाबादच्या शाळेतल्या गुरुजींनी घातलेला. आपल्या थोरल्या भागवतदादाचा सदरा धरून तू रोज शाळेत जाऊन बसायचीस, म्हणून त्यांनी चार वर्षांची पोर सहाची करून पटावर घेतली. एवढीच गोष्ट.

कार्यक्रम करायचा असेल तर २०२६ ला करा.

दैवशाला


अंबड, ३ जुलै २०२४

शालू,

तू पत्र वाचून "तारीख मला पाठ आहे, तारीख कुणाला पायजे?" एवढंच म्हणालीस आणि भाजी निवडायला बसलीस, असं गंधाली कळवते. तुला काय पाहिजे ते तू सांगितलं नाहीस. मला कळलेलं नाही, असंही मी म्हणणार नाही.

पण तारीख पाहण्यासाठी मी तुमच्या वर्गाच्या जन्मदिवसांची ती जाड वही काढली आणि मग पंधरा दिवस ती टेबलावरच राहिली. सत्तर वर्षांची बाई सकाळचा चहा गार करून वही वाचत बसते, हे मला स्वतःला पटत नाही. तरी बसले.

तुला आठवतं का, हे सगळं माझ्याच चुकीतून सुरू झालं? तू होतीस त्या दहावीच्या वर्गाला मी मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांचा धडा सांगत होते. धडा पुस्तकात नव्हता, पण मला सांगायचा होता. औरंगाबादच्या कॉलेजात असताना ग्रंथालयात एक जाड इंग्रजी पुस्तक वाचलं होतं, त्याची टिपणं माझ्याकडे होती. त्यांच्या दिवसांना वार नसायचे, वीस चित्रं असायची. मगर, वारा, घर, पाल, साप, मृत्यू, हरीण, ससा, पाणी, कुत्रा, माकड असं करत फुलापर्यंत. चित्राबरोबर एक ते तेरा हे आकडे फिरायचे, ठिपक्यांनी दाखवलेले. वीस गुणिले तेरा, दोनशे साठ दिवसांनी तोच आकडा तेच चित्र भेटे. मूल ज्या दिवशी जन्मे, त्या दिवसाचंच नाव त्याला मिळे. चार कुत्रा, आठ हरीण. मुलींना ते फार आवडलं. केशर म्हणाली, "बाई, मंग आमचं नाव काय?"

मी ऐटीत सांगितलं, काढून देते. स्पॅनिश लोकांनी त्यांचं शहर घेतलं तो १५२१ चा दिवस 'एक साप' होता, एवढं टिपणात होतं. तिथून दिवस मोजत यायचं. लीप वर्षं धरून, जुन्या-नव्या कॅलेंडरातला दहा दिवसांचा फरक धरून. दोन रविवार गेले. मग पटावरून जन्मतारखा घेतल्या आणि आकडेमोड लावली. उत्तर आलं, एक साप. पुढची मुलगी, एक साप. तिच्या पुढची, एक साप. मला वाटलं गणित चुकलं. गणित बरोबर होतं. एक्केचाळीसपैकी अडतीस मुली १ जून १९६४ ला जन्मल्या होत्या.

इतिहासाची पदवी घेतलेली बाई मी, खेड्यातल्या शाळेत शिकलेली, आणि एक जूनचा जन्म म्हणजे गुरुजींची सोय, हे माझ्या लक्षात येऊ नये! तुम्ही मुली हसून हसून बाकांवर पडलात. "अडतीस नागिणी एका वर्गात, बाई, दार लावा!" असं सगुणा ओरडली. शिपाई रखमाजी दारातून म्हणाला, "बाई, म्या बी एक जूनचाच. हेडबाई बी. आपली सारी शाळाच बिळातली है." त्याला मी बाहेर घालवलं. माझीही तारीख एक जूनच आहे हे मी बोलले नाही. घरी येऊन चोपन्न सालाची मोजणी केली तर माझा दिवस निघाला 'एक गवत'. प्राणीसुद्धा नाही. आमच्या वेळी कुणी काही सांगितलं नव्हतं आणि आईला माझा खरा दिवस आठवत नव्हता. गवतच राहिले.

मग मी सगळ्यांना गृहपाठ दिला. आयांना विचारून खरा दिवस आणायचा. काय काय आणलंत! 'विहिरीला पाणी लागलं त्याच्या तिसऱ्या दिवशी.' 'चुलत्याच्या हळदीला.' 'म्हशीला रेडकू झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू.' मी जुनी पंचांगं जमवली, अंबडच्या कोर्टातल्या वकिलांकडून, देवळातून, जिथून मिळतील तिथून. सव्वीस मुलींचे दिवस पक्के लागले. केशर कुत्रा निघाली आणि रडायला लागली. तिला सांगावं लागलं की त्या लोकांत कुत्र्याच्या दिवशी जन्मलेला सुखात राहतो, घर भरलेलं असतं. सगुणा 'दोन ससा' निघाली. दोन सशाचा माणूस दारूडा होतो, असं टिपणात होतं. सगुणाच्या वडिलांना सगळं गाव ओळखत होतं. ते मी वर्गात वाचलं नाही.

आणि चित्रं तू काढलीस. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे, गेरू, नीळ, हळद, दिव्याची काजळी. प्रत्येक मुलीला तिचा पुठ्ठा. तुझा हात बघून मी तुला कधी शाबासकी दिली नाही. बहीण म्हणून पक्षपात नको, असं माझं म्हणणं. आता लिहिते : हरणाचं डोकं तू एका रेषेत काढत होतीस, पेन्सिल न उचलता. मी तसं कुणाला करताना पुन्हा पाहिलं नाही.

तू निघालीस 'पाच मगर'. वर्गातली सगळ्यांत बारकी पोर आणि मगर. त्यांच्या चित्रात मगरीला खालचा जबडा नसतो. मी तसाच नमुना दिला. तू विचारलंस, "बाई, मंग ही बोलती कशी?" मी म्हणाले, चित्र काढ, प्रश्न कमी विचार.

दैवशाला


अंबड, ३० जुलै २०२४

शालू,

काल गंधालीनं फोन केला. मी वहीतल्या गमतीजमती लिहिल्या हे तिला आवडलं, पण ती म्हणाली, "मावशी, आईला आमच्या घरात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं.

लग्नाला वर्ष झालं आणि तू आजारी पडलीस. डॉक्टरांनी वय विचारलं, तू सतरावं सांगितलंस, तुझ्या सासऱ्यांनी, धर्मराज गुरुजींनी, ते ऐकलं. त्यांनी घरी येऊन तुला उभं केलं. तू सगळं खरं सांगितलंस. त्यावर ते म्हणाले, "बाई खोटं बोलणार न्हाईत. खोटं तू बोलून राह्यलीस." त्या दिवसापासून त्या घरात तुझा शब्द चालला नाही. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, निरोप पोचला नाही, तर तुलाच दोनदा विचारायचं. नातवंडंसुद्धा 'आजीचं काही खरं नसतं' म्हणतात आणि हसतात. गंधाली हे सांगताना रडली. मी फोनवर रडत नाही.

म्हणजे तुला तारीख नको होती. मी त्या दिवशी काय बोलले, ते तुला हवं होतं. लिहिते.

एप्रिल ब्याऐंशी. तुझी बारावीची परीक्षा झालेली. भागवतदादानं जांबकडचं स्थळ आणलं. धर्मराज गुरुजी स्वतः आले, अंबडच्या आपल्या दोन खोल्यांत. पांढरं धोतर, हातात छत्री. चहा घेऊन तू दारात उभी होतीस. ते मला म्हणाले, "बाई, मी मास्तर मानूस. दाखल्यावरचा एक जून मला सांगू नका, म्या सोता शंभर पोरं एक जूनला जन्माला घातलीत. तुमी सांगा, पोरीला अठरा पुरी व्हत्यात का? न्हाई म्हनालात तर दोन वर्सं थांबतो. पोरगं माझं कुठं पळून चाललं न्हाई. मला घाई बिलकुल न्हाई."

दादा माझ्याकडे बघत होता. तूही बघत होतीस. तुला औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, फॉर्म आणलेला होता. वही आतल्या पेटीत होती.

मी म्हणाले, "दाखल्यात आहे तेच खरं."

गुरुजींनी हात जोडले. तू चहाचं ताट खाली ठेवलंस आणि आत गेलीस. कप सांडला नाही, एवढं मला आठवतं.

मी असं का बोलले, ते तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं : वही बाहेर आली तर सव्वीस मुलींचे दाखले खोटे ठरतील. त्यांच्या दहावीच्या प्रमाणपत्रांवर कुणीतरी बोट ठेवील. कुणाची नर्सिंगची जागा जाईल, कुणाची डी.एड.ची. एका बहिणीसाठी सव्वीस जणींना अडचणीत आणायचं का? शिवाय भागवतदादाला नाही म्हणणं सोपं नव्हतं. वडिलांच्या जागी तोच होता.

या कारणांत काही चूक नाही.

दैवशाला


अंबड, १६ ऑगस्ट २०२४

शालू,

मागचं पत्र टाकून आले आणि त्यातलं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. मुलींच्या वह्या तपासताना मी अशा वाक्याखाली लाल रेघ मारत असे.

कारणांत चूक नाही, पण ती कारणं नव्हती. सव्वीस जणींची वही बाहेर काढायची गरजच नव्हती. गुरुजींनी वही मागितली नव्हती, माझा शब्द मागितला होता. 'थांबा' एवढं एक म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आणि भागवतदादाला मी कधी घाबरले? त्यानं माझ्यासाठी आणलेली तीन स्थळं मी परत पाठवली होती.

खरं हे आहे. मला विद्यापीठात एम.फिल.ला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांची रजा मंजूर झाली होती. मुलींच्या वसतिगृहात एक खाट. तुझी जबाबदारी दादानं माझ्यावर टाकलेली, तू थांबलीस तर मलाही थांबावं लागणार, किंवा शहरात खोली घेऊन दोघींचं करत बसावं लागणार. तीन वर्षं तुझी वेणी, तुझी ट्यूशन, तुझा ताप. मी अठ्ठावीस वर्षांची होते. मला एकटीला राहायचं होतं. खिडकीशी बसून पुस्तकं वाचायची होती. गुरुजी म्हणाले 'दोन वर्सं', आणि मला ऐकू आलं की दोन वर्षं आहेत, ती एकीलाच मिळतील.

ती मी घेतली. पाच जूनला तुझं लग्न झालं, एकवीसला मी वसतिगृहात गेले. ती दोन वर्षं फार सुखाची गेली, हेही लिहिते. नाही लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. खाली लिंबाचं झाड होतं. मी दिवसचिन्हांवरच प्रबंध लिहिला. त्यात एक सबंध प्रकरण आहे. मूल वाईट चिन्हावर जन्मलं तर त्यांचा दिवस वाचणारा पंडित पोथी बघून सांगे : आज न्हाऊ घालू नका, नाव ठेवू नका, याच तेरा दिवसांत पुढे चांगलं चिन्ह आहे, तोवर थांबा. मुलाच्या भल्यासाठी दिवस पुढे सरकवण्याची रीत. ते प्रकरण लिहिताना मला एकदाही तुझी आठवण झाली नाही. त्याच प्रकरणाचं परीक्षकांनी कौतुक केलं.

माझी पंधरा वर्षांची मुख्याध्यापकी त्या एम.फिल.मुळे. गावात अजून म्हणतात, बाईंचा शब्द म्हणजे शब्द. त्याच शब्दानं तुझा शब्द गेला.

आता एक काम सांगते. मागणी नाही, काम आहे. सोबत वेगळा कागद आहे, सही करून. त्यावर एवढंच आहे : 'एप्रिल १९८२ मध्ये कै. धर्मराज गुरुजींनी विचारलं असता मी, दैवशाला, माझ्या बहिणीच्या वयाबद्दल जाणूनबुजून खोटं बोलले. शालू तेव्हा साडेपंधरा वर्षांची होती. ती त्या दिवशी आणि नंतरही खरं बोलत होती.' तो कागद आणि हे पत्र कल्याणरावांसमोर, मुलांसमोर, नातवंडांसमोर मोठ्यानं वाच. तुला नको असेल तर गंधालीला वाचू दे. गुरुजी नाहीत, त्याला माझा इलाज नाही. तो उशीर माझा.

क्षमा मागत नाही. ती मागितली की समोरच्यावर देण्याचं ओझं येतं.

दैवशाला


अंबड, ५ सप्टेंबर २०२४

शालू,

आज सकाळपासून जुन्या विद्यार्थिनी येऊन पाया पडून गेल्या. शिक्षक दिन. केशर आली होती, तिच्या सुनेला घेऊन. मी तिला म्हणाले, पाया पडू नकोस, बस, एक गोष्ट सांगते, आणि तिला तुझं सगळं सांगितलं. तिनं सुनेला बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाली, "बाई, आम्हाला माहीत व्हतं. शालूनं लग्नाच्या आधी वर्गातल्या सगळ्या पोरींना सांगितल्तं, बाई खोटं बोलल्या म्हनून. आमचा इस्वास बसला न्हाई." मी चहा केला. तिनं घेतला. पुढच्या वर्षी ती येईल की नाही, मला सांगता येत नाही.

परवा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तुझा फोन आला. तो मी जसाच्या तसा लिहून ठेवते आहे. आपल्या दोघींत लिहिलेलं असलेलं बरं.

तू म्हणालीस, "कोन, बाई का?"

मी म्हणाले, हो.

"तुमचं पत्र वाचलं. मीच वाचलं, गंधालीला देल्लं न्हाई. सगळे बसले व्हते."

मी विचारलं, कल्याणराव काय म्हणाले? तू म्हणालीस, "काय म्हनतील? चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद मागून घेतला, सही बगितली. मंग उठून बाहेर गेले. जेवायला आले न्हाईत. सांच्याला आले ते म्हनाले, बाबाला हे ऐकायला पायजे व्हतं. मी म्हनलं, तुमी ऐकलं ना, पुरे."

मी म्हणाले, शालू, एम.फिल.चं तुला...

"मला तवाच माहीत व्हतं, बाई. विद्यापीठाचं पाकीट मीच घेतल्तं पोस्टमनच्या हातून. उघडं व्हतं. वाचलं अन् तुमच्या टेबलावर ठेवलं."

मी खुर्ची ओढून बसले. बेचाळीस वर्षं तुला माहीत होतं. तू कुणाला सांगितलं नाहीस. विचारलं, का नाही सांगितलंस? तू हसलीस. तुझं हसणं मी ओळखलं नसतं, जाड झालं आहे.

"सांगून कोन खरं धरनार व्हतं? अन् बाई, तुमी तिकडं शिकून राह्यल्या, हे मला सासरी बरं बी वाटायचं. राग यायचा अन् बरं वाटायचं. कुनीतरी शिकून राह्यलंय म्हनायचं."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला. तूच म्हणालीस, "ऐकून राह्यलात का?" मी म्हणाले, ऐकते आहे. मग मी विचारलं, अंबडला येशील का? चार दिवस. तू सरळ म्हणालीस, "न्हाई. अजून न्हाई. मनात आलं तर कळवते. तुमी बी इकडं येऊ नका, मी बोलवल्याबिगर." मी म्हणाले, बरं. हे तुझं म्हणणं मला मान्य आहे आणि ते मी पुन्हा काढणार नाही.

मला वाटलं फोन ठेवतेस. पण तू म्हणालीस, "एक सांगायचं राह्यलं." आणि घाईघाईनं सांगितलंस, लहानपणी शाळेतून आल्यावर सांगायचीस तसं. सकाळी दूधवाला आला, दोन लिटर दिलं म्हणून भांडायला लागला. तू म्हणालीस, दीडच आहे. तो म्हणाला, "काकांना बोलवा, तुमचं राहू द्या." दरवेळी असंच होतं. कल्याणराव बाहेर आले, भांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हनाले, ती दीड म्हनती ना, मंग दीडच."

दैवशाला